काळ्या मातीच्या रस्त्यावर वेगवान सेडान : मागचं सस्पेन्शन सुधारताना

यवतमाळकडच्या वणीच्या बाजूचे रस्ते ज्यानं पाहिलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. खाली काळी कापसाची माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि वरचं डांबर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं. खड्डा नसतानाही रस्त्याला लाटा येतात. त्यावरून कोळशाचे ट्रक जाऊन जाऊन दोन्ही चाकोऱ्या दबतात. अशा रस्त्यावर ताशी ऐंशीनं जाताना गाडीचं नाक सरळ राहतं, पण मागचा भाग एका लाटेवरून उठतो, दुसरीवर आपटतो आणि तिसरीवर बाजूला सरकल्यासारखा वाटतो. माझ्या स्कोडा लॉरा आरएसमध्ये हे इतकं वाढलं होतं की मागे बसलेली आई सरळ म्हणाली, "बैलगाडी बरी होती."

लॉरा आरएस आपल्याकडे २०११ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, ताकद पुढच्या चाकांना. सेडान म्हणायचं, डिकी मात्र काचेसकट उघडते. मागच्या प्रत्येक चाकाला चार दांड्या : एक लांब, पुढून मागे जाणारा ट्रेलिंग आर्म, वर एक आडवा आर्म, खाली स्प्रिंग पेलणारा रुंद आर्म आणि एक बारीक टो लिंक. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. पुढचं सगळं याच रचनेच्या हिशोबानं लिहिलंय.

तुमची गाडी व्हर्टस, स्लाव्हिया किंवा व्हर्ना असेल तर मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच वाकणारा तुळईसारखा भाग. तिथे शॉकअप, स्प्रिंग आणि बीमचे दोन मोठे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) एवढंच काम उरतं. आर्मचं आणि अँटिरोल बारचं (दोन्ही चाकांना जोडून वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचं) प्रकरण तुम्हाला वगळता येईल. शंका असेल तर मागून वाकून पाहा. अखंड आडवा बीम दिसला तर बीम, सुट्या दांड्यांचा गुंता दिसला तर मल्टिलिंक.

आधी आजार ओळखा

नवीन माणूस सगळ्यात आधी स्प्रिंगा बदलायला निघतो, कारण गाडी खाली बसली की फोटोत छान दिसते. माझा क्रम उलटा आहे : आधी रबर, मग शॉकअप, मग अँटिरोल बार. स्प्रिंगा सगळ्यात शेवटी, आणि आपल्या भागात बहुतेकांनी त्या बदलूच नयेत. फाटलेल्या बुशवर महागडा शॉकअप बसवणं म्हणजे कुजलेल्या खुंट्याला नवं दावं बांधणं.

गाडी सपाट जागी लावा आणि मागच्या टायरवरून तळहात आतून बाहेर, मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते, बिघडलाय. फक्त आतली कड झिजली असेल तर बहुधा कॅम्बर (चाकाचा उभा कल), नाहीतर टो. शॉकअपच्या नळीवर तेलाला चिकटून मातीचा ओला थर बसला असेल तर सील गेलं. नुसती कोरडी धूळ असेल तर घाबरू नका. छोट्या खड्ड्यात मागून टकटक येत असेल तर अँटिरोल बारची लिंक आधी हलवून पाहा. ती सगळ्यात स्वस्त असते आणि बहुतेक वेळा चोर तीच निघते.

बुश पाहायला टॉर्च आणि एक लांब टॉमी हवी. आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी घालून हलकं उचका. रबराला बारीक भेगा असणं चालतं. रबर लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं तर बुश गेला.

डिकी दाबून किती वेळा उसळते ते मोजायची जुनी पद्धत आजच्या गाड्यांना फारशी लागू पडत नाही. पार मेलेला शॉकअप तिच्यानं कळतो, अर्धमेला नाही. त्यापेक्षा ओळखीच्या लाटांच्या रस्त्यावर कुणाला तरी मागून मोटरसायकलवर यायला सांगा. लाट संपल्यावर मागचा भाग एकदा बसून स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन झोके घेत राहिला तर शॉकअप संपलेत.

काय घ्यायचं

रबराचा प्रश्न तसा सोपा आहे, पण लोक पॉलियुरेथेनच्या रंगीत बुशना भुलतात. शर्यतीच्या ट्रॅकवर ते बरे. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आणि पाणी त्यांच्या फटीत शिरलं की घासकागदासारखं काम करतं, आणि मग प्रत्येक गतिरोधकावर गाडी कुईकुई करते. शिवाय ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बुशला एकाच वेळी दोन-तीन दिशांनी वाकावं लागतं. तिथे कडक पॉली बसवलं की हालचाल अडते आणि चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. म्हणून आर्मना मूळ प्रतीचे रबरी बुश घ्या. पॉलीची हौसच असेल तर ती अँटिरोल बारच्या बुशवर भागवा आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं.

शॉकअपमध्ये दोन जाती : ट्विन ट्यूब आणि मोनोट्यूब. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते आणि गॅस कमी दाबाचा. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, साधारण २० ते २५ बार दाबाचा नायट्रोजन, आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणून उष्णता लवकर निघून जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर पायाला चटका देतं. अशा दुपारी तीस-चाळीस किलोमीटर लाटांवरून गेलं की थकलेल्या ट्विन ट्यूबमधलं तेल पातळ होऊन गाडी डोलायला लागते. तिथे मोनोट्यूबचा फरक कळतो. त्याची एक खोट मात्र विक्रेता सांगत नाही. मोनोट्यूबच्या नळीला दगड लागून पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो, कारण तो त्याच भिंतीवरून सरकतो. ट्विन ट्यूबची बाहेरची नळी थोडी चेपली तरी काम निभतं. म्हणून रोज गिट्टीच्या पांदण रस्त्यानं शेतात जाणाऱ्यानं चांगल्या प्रतीचा ट्विन ट्यूबच घ्यावा. ज्याचं बहुतेक फिरणं डांबरावर आणि समृद्धी महामार्गावर, त्यानं मोनोट्यूब.

बिलस्टाइनचे घ्यायचे तर नावं नीट वाचा. बी४ म्हणजे मूळच्यासारखे. बी६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगांवर चालणारे कडक मोनोट्यूब. बी८ हे खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेले. मूळ स्प्रिंगांवर बी८ बसवू नका. खड्ड्यात चाक लटकलं की आखूड शॉकअप आधीच पूर्ण ताणला जातो आणि आतून ठोका बसतो. कोनी कंपनीच्या पिवळ्या मालिकेत कडकपणा कमी-जास्त करता येतो, पण तो फक्त शॉकअप ताणला जातानाचा. आदळतानाचा त्यानं बदलत नाही. आणि भंगारात गॅस भरून, रंग मारून मिळणारे शॉकअप कोणी कितीही स्वस्तात दिले तरी नको म्हणा.

अँटिरोल बारचं गणित गमतीचं आहे. भरीव बारचा पीळ सोसायचा जोर जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे १९ मिलिमीटरचा बार काढून २१ चा बसवला तर दोनच मिलिमीटर वाढले, पण कडकपणा जवळजवळ ४९ टक्क्यांनी वाढला. २२ चा घेतला तर ८० टक्क्यांनी. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी वळणावर बाहेर ओढते, मागचा बार जाड केला की ती ओढ कमी होते. पण हाव करू नका. सप्टेंबरात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडत जातात. त्या चिखलावर, वळणात, घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर जाड बारवाली गाडी मागून सुटते. मूळपेक्षा दोन मिलिमीटर जाड इथपर्यंत थांबा.

स्प्रिंगांबद्दल माझं मत ठाम आहे. खाली बसवणारा संच साधारण ३० मिलिमीटर उंची खातो. मागे तीन माणसं आणि डिकीत ५० किलोची तुरीची दोन पोती टाकलीत की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, बसते, आणि मग सस्पेन्शन उरतच नाही. वर कॅम्बर वाढून टायरची आतली कड खाल्ली जाते ती वेगळी. मूळ स्प्रिंग मोडली किंवा दबली असेल तर त्याच प्रतीची नवी जोडी टाका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, हेही ध्यानात ठेवा. जे काही बसवाल ते विमा कंपनीला कळवा. बुश आणि शॉकअपसारखी झिजणारी वस्तू त्याच मापाची टाकणं वेगळं आणि गाडीची उंची बदलणं वेगळं.

जागा, हत्यारं आणि एक माप

आमच्या गावात लिफ्ट नाही. ट्रॅक्टरसाठी खणलेला खड्डा आहे, आणि एक मिस्त्री ज्यांना सगळे काका म्हणतात. एवढ्यात काम होतं. लागतं ते असं : हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड), गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मोजपट्टी आणि पांढरा रंग. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत काही बोल्टांना बारा दाती बिट लागतो. तो आधी आणून ठेवा, नाहीतर गाडी घोडीवर टांगून वणीला पळावं लागतं. बोल्टही नवे आणा. या गाड्यांच्या सस्पेन्शनचे बरेच बोल्ट आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात.

गाडी कुठली आहे तेही पाहा. आपल्या कोरड्या हवेत बोल्ट सहसा सुटतात, फक्त वाळलेला चिखल खरवडावा लागतो. मुंबईकडून आणलेली सेकंड हँड गाडी असेल तर बोल्ट बुशच्या नळीतच गंजून बसलेला असतो. अशा गाडीवर दोन दिवस आधीपासून रोज स्प्रे मारा आणि कापायची तयारी ठेवा.

आता ते माप. गाडी सपाट जमिनीवर, रिकामी, अर्धी टाकी पेट्रोल. चाकाच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा आणि वहीत लिहा. समजा ते ३७ सेंटिमीटर भरलं. हा आकडा हरवू नका. माझ्या पहिल्या वेळी तो घेतलाच नव्हता, आणि त्याची किंमत पुढे सांगतो.

उघडायचं काम

काम उजाडायलाच सुरू करा, दुपारी लोखंडाला हात लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावा. काळ्या मातीवर जॅक सरळ खाली जातो, म्हणून त्याच्याखाली बाभळीची जाड फळी. चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून ठेवा. गाडी कंपनीनं दिलेल्या ठिकाणीच उचला आणि घोड्यांवर बसवा. विटांच्या थरावर, कधीच नाही. बसवल्यावर अंगानं गाडीला एक जोरदार धक्का द्या. हलली तर आता हललेली बरी.

चाकं काढल्यावर आधी मोबाइलवर फोटो. एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल क्लिपांतून मोकळी करा. झेनॉन दिव्यांच्या गाडीत मागच्या आर्मला उंची मोजणाऱ्या सेन्सरची छोटी दांडी असते, तीही सोडवा. ही दांडी मोडली की रात्री समोरच्याचे डोळे दिपतील नाहीतर तुमचा रस्ता अंधारात जाईल. आर्मच्या आतल्या टोकांना एक्सेंट्रिक बोल्ट असतात, ज्यांच्या फिरण्यावर टो आणि कॅम्बर ठरतो. त्यांच्या चकतीवर आणि शेजारच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढा. जोडताना रेघ जुळवली की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते.

एका वेळी एकच बाजू. दुसरी तशीच ठेवा, अडलात तर बघायला.

जॅक स्प्रिंगच्या आर्मखाली घ्या आणि हलका भार द्या. मग शॉकअपचा खालचा बोल्ट, त्यानंतर वर बॉडीला लागलेले दोन. शॉकअप बाहेर आला. स्प्रिंग काढायची असेल तर तिच्यातून साखळी ओवून बॉडीला बांधा, आर्मचा बाहेरचा बोल्ट काढा आणि जॅक अगदी सावकाश खाली घ्या. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते. वेल्डरकडून बनवून घेतलेले कॉम्प्रेसर वापरू नका, आणि हे चालू असताना समोर बसू नका, बाजूला बसा.

बुश

प्रेस नसेल तर आट्यांचा जाड रॉड, दोन मोठ्या गोट्या आणि वॉशर यांनी बुश ओढून काढता येतो. काढण्याआधी पाहा : बऱ्याच बुशना दोन पोकळ खाचा असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. आर्मवर तिची खूण करा. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर थोडा आकसतो आणि सरळ बसतो. आमच्या घरी तो बर्फाच्या ट्रेशेजारी पाहून बायकोनं विचारलं, "हे काय आता खायचं?" आर्म गॅसच्या ज्वाळेवर तापवायचा मोह टाळा.

ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटचा आर्मशी ठराविक कोन असतो. काढण्याआधी तो फोटोत आणि रेघेनं पकडून ठेवा.

शॉकअप आणि बार

मोनोट्यूब पट्टीनं बांधून येतो. पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर येतो, तोंड बाजूला ठेवा. ट्विन ट्यूब उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ताणा, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाते. वरचा माउंट आणि बंप स्टॉप नवेच टाका. जुन्या माउंटवर नवा शॉकअप म्हणजे पुन्हा टकटक. वरचा नट आवळताना चकचकीत दांडा पकडीनं धरू नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो. दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिच्यात किल्ली घालून धरा. जुना शॉकअप फेकताना त्याला भोक पाडू नका, जाळू नका, आत दाबातला गॅस आहे.

अँटिरोल बार बदलायला बहुधा सायलेन्सरचे रबरी हँगर सोडून पाइप थोडा खाली घ्यावा लागतो. बार बसवल्यावर तो मधोमध आहे का पाहा आणि लिंकचे नट दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच आवळा. बाकी यात काही नाही.

आवळायची वेळ

इथे सगळ्या कामाचा जीव आहे. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, आणि आर्म हलला की ते पिळतं. बोल्ट ज्या स्थितीत आवळला ती रबराची विश्रांतीची स्थिती. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं, आणि उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं. खड्डा आला की आणखी पिळतं आणि फाटतं.

माझ्या पहिल्या वेळी एका गॅरेजात नेमकं हेच झालं. गाडी खाली आली ती मागून उंच, टणक उड्या मारणारी. मला वाटलं नवे शॉकअप कडक असतात. वर्ष व्हायच्या आत चारही नवे बुश सोलले गेले. दुसऱ्या वेळी गावातच काम केलं, तेव्हा काकाही म्हणालेच, "भाऊ, चाक लटकूनच आहे तं आवळून टाकू न, काहून एवढी कटकट करून राह्यले?" मी वही दाखवली.

करायचं असं : सगळे बोल्ट हातानं घालून नुसते टेकवा. जॅक नकलखाली (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाखाली) घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर वहीतल्या आकड्याइतकं, आपल्या उदाहरणात ३७ सेंटिमीटर, होईपर्यंत उचला. हे करताना गाडी घोडीवरून सुटत नाही ना, ते दुसऱ्या माणसानं पाहावं. मग त्या स्थितीत प्रत्येक बुशचा बोल्ट टॉर्क रेंचनं आवळा. किती न्यूटन मीटर आणि त्यावर आणखी किती अंश फिरवायचं, ते तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, अंदाजानं नको. चाकाचे बोल्ट लॉराला १२० न्यूटन मीटर, एकाआड एक क्रमानं. कामाचा खड्डा मोठा असेल तर गाडी चाकांवर उतरवून खालून आवळणं सगळ्यात उत्तम.

शॉकअप फक्त बदलला असेल तरी त्याच्या खालच्या डोळ्याचा बोल्ट याच पद्धतीनं. तिथेही रबरच आहे.

त्यानंतर

अलाइनमेंट चारही चाकांची करा. काही दुकानदार फक्त पुढचं करून पैसे घेतात. मागचे आकडे छापलेला कागद मागा आणि दोन्ही बाजूंचा टो सारखा आहे का ते स्वतः पाहा. एक्सेंट्रिक बोल्ट फिरवल्यावर त्यांचे नटही चाकांवर भार असतानाच आवळायला सांगा. दिव्यांचा सेन्सर असेल तर त्याची मूळ स्थिती स्कॅनरनं पुन्हा लावून घ्या.

पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ४०, मग ६०. रिकाम्या जागी एकदा जोरात ब्रेक. मग तोच ओळखीचा लाटांचा पट्टा. कोनीसारखा शॉकअप असेल तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा आणि एका वेळी अर्धाच फेरा वाढवा. आपल्या रस्त्यावर कडक म्हणजे चांगलं असं नसतं. छोट्या खड्ड्यांवर चाक जमीन सोडायला लागलं की एक पायरी मागे या. टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. जास्त हवेनं उडणारी गाडी घेऊन लोक शॉकअपला शिव्या देत येतात.

चाकाचे बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा. पाचशेनंतर गाडी कामाच्या खड्ड्यावर घ्या, रंगाच्या रेघा जागच्या जागी आहेत का बघा, आणि ते अंतर पुन्हा मोजून वहीत पहिल्या आकड्याखाली लिहा. दोन-चार मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त, किंवा एक बाजू वर आणि एक खाली असेल, तर कुठला तरी बुश लटकलेला असतानाच आवळला गेलाय. तो बोल्ट शोधा, ढिला करा, चाकांवर भार द्या आणि पुन्हा आवळा.